राज्याभिषेकाचे आसन : दुरुस्ती आणि जतन यांचा एक इतिहास

एखाद्या मंडळीचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली म्हणजे कमिटीच्या पहिल्याच बैठकीत रंगाचा विषय निघतो. भिंतींना चुना, दारांना तैलरंग, आणि त्याच ओघात उपदेशपीठ, वेदी, वेदीजवळच्या जुन्या खुर्च्या व बाके यांना 'नवे रूप' देण्याचे ठरते. देवाचे मंदिर सणाच्या दिवशी उजळलेले दिसावे, हा त्यामागील हेतू निर्मळच असतो. परंतु पुरातन वस्तूंचा इतिहास चाळू लागले म्हणजे असे आढळते, की शत्रूने केलेले नुकसान जितके आहे, तितकेच किंबहुना त्याहून अधिक नुकसान अशा निर्मळ हेतूने झालेले आहे. प्रस्तुत लेखात या गोष्टीचे एकच उदाहरण थोडे विस्ताराने पाहावयाचे आहे. ते उदाहरण लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबेतील राज्याभिषेकाच्या आसनाचे होय. ते दूरदेशीचे असले, तरी त्यातून निघणारा प्रश्न आपल्या प्रत्येक मंदिराच्या उंबऱ्यापाशी उभा आहे.

पाषाणासाठी घडविलेले आसन

इ. स. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडवर स्वारी केली. त्या देशातील स्कून येथील मठात वालुकाश्माचा एक ओबडधोबड ठोकळा होता. स्कॉटलंडच्या राजांचा राज्यारोहणविधी या पाषाणाशी निगडित असल्यामुळे त्या लोकांच्या दृष्टीने तो साधा दगड नव्हता. एडवर्डने तो उचलून लंडनला आणला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, आपले नाव ज्याच्यावरून ठेवले गेले होते त्या संत एडवर्ड राजाच्या समाधीपाशी ठेवविला. सुमारे १५२ किलोग्रॅम वजनाचा हा दगड म्हणजे एका राष्ट्राची लूट होती. बाबेलच्या राजाने यरुशलेमच्या मंदिरातील पात्रे उचलून आपल्या देवाच्या मंदिरात नेऊन ठेवली, त्याच प्रकारचे हे कृत्य होते. जिंकलेल्याची पवित्र वस्तू जिंकणाऱ्याच्या पवित्र स्थानी ठेवली म्हणजे विजयाला धर्माचे वस्त्र मिळते, ही समजूत फार जुनी आहे.

हा पाषाण ज्यात बसेल असे आसन करण्याची आज्ञा एडवर्डने दिली. प्रथम ते ब्राँझचे करावयाचे होते. परंतु युद्धाच्या खर्चाने तिजोरी रिकामी होऊ लागली, म्हणून तो बेत सोडण्यात आला आणि इ. स. १३०० च्या सुमारास ते ओकच्या लाकडाचे करण्यात आले. काम वॉल्टर नावाच्या राजाच्या चित्रकाराकडे होते व त्याला त्याबद्दल शंभर शिलिंग मिळाले. आसनाची उंची सुमारे पावणेसात फूट आहे. पाठ उंच व वर त्रिकोणी निमुळती होत गेलेली, दोन्ही बाजूंना हात, आणि बैठकीखाली पाषाणासाठी कप्पा, अशी त्याची रचना आहे. आसनाखाली आज जे चार सोनेरी सिंह दिसतात ते मूळचे नव्हेत. सोळाव्या शतकाच्या आरंभी सिंह प्रथम बसविले गेले, आणि आजचे सिंह १७२७ मधील आहेत.

वॉल्टर हा सुतार नसून चित्रकार होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण या आसनाचे खरे वैभव लाकडात नव्हते, लाकडावरील लेपात होते. लाकडावर प्रथम खडू व सरस यांचा पांढरा, गुळगुळीत लेप देण्यात आला. त्यावर सोन्याचा वर्ख चढविण्यात आला. खालचा लेप पुरता कडक होण्यापूर्वी बोथट टोकाच्या हत्याराने बारीक बारीक ठोके देऊन त्यातून पक्षी, पशू आणि पर्णवेली उमटविण्यात आल्या. पाठीच्या आतील बाजूस सिंहावर पाय ठेवून बसलेला एक राजा चितारलेला होता. काही ठिकाणी रंगीत काचेचे तुकडेही बसविले होते. मेणबत्त्यांच्या प्रकाशात हे सर्व कसे झळकत असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. आज पाहणाऱ्याला दिसते ते खरवडलेले, काळवंडलेले लाकूड आणि त्यावर कोठे कोठे तग धरून राहिलेली सोन्याची आभा.

चाकू, खिळे आणि स्फोट

ही अवस्था एका दिवसात आली नाही. चौथा हेन्री १३९९ मध्ये या आसनावर बसून राजा झाला, ही निश्चितपणे सांगता येणारी पहिली घटना. तेव्हापासून राज्याभिषेकाच्या वेळी आसनावर भरजरी वस्त्र चढवावे आणि ते जागच्या जागी राहावे म्हणून लाकडात खिळे ठोकावेत, असा प्रकार घडत आला. म्हणजे ज्या दिवशी आसनाचा सर्वांत मोठा सन्मान होई, त्याच दिवशी त्याला नव्या जखमाही होत. १६५७ मध्ये राजपद नाकारणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या अधिकारग्रहणासाठीसुद्धा हेच आसन शेजारच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये नेण्यात आले. राजा नको म्हणणाऱ्यालाही राजाची खुर्ची मात्र हवीशी वाटली!

अठराव्या शतकात ॲबे पाहावयास येणाऱ्या लोकांची संख्या वाढली. तेथील सेवकांच्या हातावर लहानसे नाणे ठेवले की कोणालाही आसनावर बसता येई. मग बसणाऱ्यांनी आणि जवळच्या शाळेतील मुलांनी चाकू काढून आपली नावे त्यावर कोरली. पी. ॲबट नावाच्या कोणा इसमाने तर आपण ५ व ६ जुलै १८०० यांमधील रात्र या आसनात झोपून काढल्याचे बैठकीवर कोरून ठेवले आहे. कित्येकांनी आठवण म्हणून कोपऱ्यांच्या ढलप्या काढून नेल्या.

विसाव्या शतकाने आपली भर घातली. ११ जून १९१४ रोजी, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ ऐन भरात असताना, आसनाला टांगलेल्या एका बॉम्बचा स्फोट झाला व आसनाचा एक कोपरा उडाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी आसन ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये सुरक्षिततेसाठी हलविण्यात आले आणि पाषाण ॲबेतच जमिनीखाली पुरून ठेवण्यात आला. १९५० च्या नाताळच्या पहाटे चार स्कॉटिश विद्यार्थी ॲबेत शिरले. त्यांनी पाषाण ओढून बाहेर काढला. त्या ओढाताणीत आसनाच्या समोरचे लाकूड मोडले आणि पाषाणाचेही दोन तुकडे झाले. पुढे एप्रिल १९५१ मध्ये तो स्कॉटलंडमधील आर्ब्रोथच्या भग्न मठात सापडला व पुन्हा लंडनला आला.

महोत्सवाचा रंग

वाचक म्हणतील, की आसनाच्या हालअपेष्टांची ही यादी येथे पुरी झाली. पण एक घटना आम्ही मुद्दाम मागे ठेवली आहे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्त २१ जून रोजी ॲबेमध्ये उपकारस्तुतीची उपासना व्हावयाची होती आणि राणी या आसनावर बसणार होती. आसन मळके, विटके, खरवडलेले होते. असे आसन महोत्सवात कसे शोभणार? सरकारी बांधकाम खात्याने त्यावर गडद तपकिरी रंगाचा लेप देवविला. काम वेळेवर पार पडले. उत्सवही थाटात झाला.

त्यानंतर जाणकारांनी ओरड केली. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या सोनेरी नक्षीचे जे काही अवशेष उरले होते, तेही या लेपाखाली गेले होते. लोकांची टीका होऊ लागताच लेप काढण्याचा प्रयत्न करण्यात आला, आणि खरा अनर्थ येथे झाला. वरचा रंग निघताना त्याच्याबरोबर खालचा नाजूक सोनेरी पापुद्राही निघून आला. चाकूने नाव कोरणाऱ्या मुलाने चार बोटे जागा खराब केली. बॉम्बने एक कोपरा उडविला. पण 'चांगले दिसावे' म्हणून दिलेल्या लेपाने आणि 'पूर्ववत व्हावे' म्हणून केलेल्या सफाईने आसनाच्या सबंध पृष्ठभागाला हात घातला. मुलांना निदान आपण खोडी करीत आहोत हे ठाऊक होते. येथे सर्वांनाच आपण सेवा करीत आहोत असे वाटत होते.

आम्हांला या कथेत सर्वांत विचारणीय वाटते ती गोष्ट हीच. त्या अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापाशी नेमके काय कमी होते, ते पाहिले पाहिजे. निष्ठा कमी नव्हती, पैसा कमी नव्हता. हात लावण्यापूर्वी 'ही वस्तू काय आहे?' असे विचारण्याची सवय तेवढी नव्हती. त्यांच्या लेखी ती एक जुनी, घाणेरडी लाकडी खुर्ची होती, म्हणून तिला जुन्या लाकडी खुर्चीला लावावयाचा रंग लावण्यात आला. ती खरोखर एक चित्र होती.

दुरुस्तीविषयीच्या विचारात झालेला पालट

याच काळात इंग्लंडमध्ये या विषयावर मोठा वाद चालू होता. एकोणिसाव्या शतकात शेकडो जुन्या चर्चमंदिरांचा 'जीर्णोद्धार' करण्यात आला. या कामातील अग्रणी वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्यावरून उभा राहिला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या वास्तूची देखरेखही १८४९ पासून त्यांच्याकडे होती. त्या काळच्या जीर्णोद्धारकांची धारणा अशी होती, की मंदिराचे एक आदर्श, मूळ रूप असते. मधल्या शतकांनी घातलेली भर काढून टाकून ते रूप परत आणता येते. या धारणेपायी नंतरच्या काळातील बाके, उपदेशपीठे, पडदे आणि स्मारके मोडीत निघाली.

ट्यूक्सबरी येथील मठमंदिराच्या अशाच एका योजनेने अस्वस्थ होऊन विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. मॉरिस स्वतः कवी आणि कारागीर होते. लाकूड, विणकाम, काच यांचे काम त्यांनी हाताने केले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की गेलेले शतक कोणालाही परत आणता येत नाही. तसा आव आणणारा मनुष्य केवळ स्वतःच्या काळाची एक नक्कल उभी करतो, आणि त्यासाठी खऱ्या वस्तूचा बळी देतो. म्हणून छप्पर गळत असेल तर ते शाकारावे, भिंत झुकत असेल तर तिला टेकू द्यावा. पण काळाने उमटविलेली खूण खरवडू नये. आसनाला रंग लागला तो या संस्थेच्या स्थापनेनंतर दहाच वर्षांनी. नवा विचार उच्चारला गेला, तरी तो कामगाराच्या कुंचल्यापर्यंत पोहोचावयास किती काळ लागतो, हे यावरून दिसते.

हा विचार विसाव्या शतकात हळूहळू सर्वमान्य झाला. १९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिच्यातील दोन तत्त्वे लाकडी सामानाच्या जतनालाही तितकीच लागू पडतात. पहिले असे, की जेथे तर्क सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे. 'येथे बहुधा असे असेल' एवढ्या आधारावर नवे काही बसवू नये. दुसरे असे, की जो भाग नवा घालावाच लागेल तो एकंदर वस्तूशी मिळताजुळता असावा, तथापि पाहणाऱ्याची फसवणूक करणारा नसावा. लाकूड, रंग व कागद यांचे जतन करणाऱ्या कारागिरांनी याला आपल्या अनुभवातून आणखी एक तत्त्व जोडले : आज केलेले काम उद्या गरज पडल्यास काढता आले पाहिजे. पुढच्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक कळेल, अशी नम्रता या तत्त्वाच्या मुळाशी आहे.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले असता ते ठिगळ वस्त्राला अधिकच फाडते, हा प्रभूचा दाखला आपण नव्या कराराच्या नवेपणाविषयी समजावून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तो दाखला ज्या घरगुती अनुभवावर उभा आहे, तो अनुभव जतनशास्त्राचा पहिला धडा होय. जुने लाकूड शेकडो ऋतू पाहून स्थिरावलेले असते. त्याला कोवळ्या लाकडाचा तुकडा जखडून बसवला, तर नवा तुकडा सुकताना आक्रसतो आणि जुन्याला चीर पाडतो. ठिगळ मजबूत आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते जुन्याच्या प्रकृतीला मानवते की नाही, हेही पाहावे लागते.

उघड्यावर चाललेले काम

२०१० ते २०१२ या काळात आसनाच्या जतनाचे मोठे काम हाती घेण्यात आले. मारी लुईझ सौअरबर्ग या चित्रजतनतज्ज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली ते झाले. या कामाचा विशेष असा, की ते ॲबेमध्येच, येणाऱ्याजाणाऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर करण्यात आले. त्यानंतर आसन ॲबेच्या पश्चिम टोकाच्या संत जॉर्जच्या चॅपेलमध्ये ठेवण्यात आले.

या कामात काय केले, यापेक्षा काय केले नाही ते अगोदर सांगितले पाहिजे. सोन्याचा नवा वर्ख चढविला नाही. राजाचे नाहीसे झालेले चित्र पुन्हा रंगविले नाही. मुलांनी कोरलेली नावे बुजविली नाहीत. पी. ॲबटची झोपही जागच्या जागी राहिली! जे केले ते एवढेच : साचलेली धूळ व मळ काढला, सुटू पाहणारे लेपाचे आणि वर्खाचे पापुद्रे पुन्हा लाकडाला चिकटविले, आणि प्रत्येक भागाची बारकाईने पाहणी करून नोंद ठेवली. काम संपल्यावर आसन नवे दिसू लागले असे नाही. ज्याला चमक हवी होती त्याची निराशाच झाली असेल. पण त्या दिवसापासून त्यातील सोन्याचा एकेक कण गळून पडणे थांबले.

तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक ६ मे २०२३ रोजी झाला. त्याअगोदर क्रिस्टा ब्लेस्ली या जतनतज्ज्ञ बाईंनी काही महिने पुन्हा आसनावर काम केले. लहान स्पंज आणि कापसाचे बोळे ही त्यांची मुख्य साधने होती. या सावकाश सफाईत आसनाच्या पाठीवर ठोक्यांच्या नक्षीचा असा काही भाग दिसून आला, की ज्याची पूर्वी कोणी नोंद केली नव्हती. सातशे वर्षे जे लोकांच्या नजरेसमोर होते, ते कापसाच्या बोळ्याने हळूहळू पुसताना प्रथम ध्यानात आले.

हे वाचताना योशीया राजाच्या काळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मंदिराची डागडुजी करण्यासाठी सुतार, बांधकाम करणारे व गवंडी यांना पैसा देण्यात आला; ते लोक इतके प्रामाणिक होते, की त्यांच्याकडे हिशेब मागण्यात आला नाही. आणि ती दुरुस्ती चालू असतानाच हिल्कीया याजकाच्या हाती नियमशास्त्राचा ग्रंथ लागला. त्या ग्रंथाने पुढे सबंध राष्ट्राला पश्चात्तापास लावले. दुरुस्ती करणाऱ्यांनी जुने सामान गाड्यात भरून बाहेर टाकून दिले असते, तर काय झाले असते? काळजीपूर्वक केलेल्या डागडुजीत हरवलेले सापडते. घाईने केलेल्या डागडुजीत सापडण्याजोगे असते तेही हरवते.

रिकामा कप्पा

या कथेचा आणखी एक भाग राहिला आहे, आणि तो सुताराच्या कसबापलीकडचा आहे. १३२८ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात तह झाला, तेव्हा पाषाण परत करावा अशी राजाज्ञा निघाली होती. परंतु लंडनच्या लोकांनी विरोध केला आणि पाषाण जेथल्या तेथेच राहिला. अखेर १९९६ मध्ये, म्हणजे लुटीला बरोबर सातशे वर्षे झाल्यावर, तो स्कॉटलंडला परत देण्यात आला. ३० नोव्हेंबर रोजी, संत आंद्रियाच्या सणाच्या दिवशी, तो एडिंबरोच्या किल्ल्यात पोहोचला. २०२३ च्या राज्याभिषेकासाठी त्याला काही दिवस लंडनला आणून आसनात बसविले व पुन्हा परत पाठविले. २०२४ पासून तो पर्थच्या संग्रहालयात आहे.

त्यामुळे आसनाच्या बैठकीखालचा कप्पा रिकामा राहिला आहे. ज्या वस्तूसाठी आसन घडविले गेले, तीच त्यात नाही. एखाद्या व्यवहारी मनुष्याने म्हटले असते, की तेथे तसाच एक दगड करून बसवावा, म्हणजे आसन 'पूर्ण' दिसेल. तसे करण्यात आलेले नाही, आणि ते योग्य झाले आहे. तो रिकामा कप्पा ही त्या आसनावरील सर्वांत प्रामाणिक जागा आहे. जे आपले नव्हते ते येथे सातशे वर्षे होते आणि आता ते ज्याचे त्याला दिले आहे, हे तो न बोलता सांगतो. बाबेलहून मंदिराची पात्रे मोजून परत देण्यात आली, हे एज्राच्या पुस्तकात संख्येसह नोंदले आहे. परत देण्याची अशी नोंद ठेवणे हे पवित्र शास्त्रालाही महत्त्वाचे वाटले. जतन म्हणजे केवळ सौंदर्याचे रक्षण नव्हे. वस्तूच्या माथी जे पाप आहे, त्याची खूणही पुसू न देणे हा जतनाचाच भाग आहे.

पुनरुत्थित प्रभू थोमासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातांवरील व्रण गेलेले नव्हते. गौरवी शरीराला व्रण नसावेत असे आपल्याला वाटले असते. पण त्या व्रणांवरूनच शिष्याला ओळख पटली. लाकडी खुर्चीची तुलना त्या शरीराशी करावी असे आम्ही म्हणत नाही. एवढेच सुचवावयाचे आहे, की 'बरे होणे' आणि 'खूण नाहीशी होणे' या दोन गोष्टी एकच आहेत, असे शुभवर्तमान मानीत नाही.

आपल्या मंदिरांतील लाकूड

आता आपल्याकडे वळू. येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. वेस्टमिन्स्टरचे आसन कधी काळी एकदा वापरले जाते. आपले उपदेशपीठ तर दर रविवारी लागते. पायरी मोडली असेल, बाकाचा पाय वाळवीने पोखरला असेल, तर केवळ जपून चालेल काय? आक्षेप रास्त आहे. मंदिर हे संग्रहालय नव्हे. वृद्ध मनुष्य पडेल अशी पायरी तशीच ठेवणे ही इतिहासभक्ती नसून निष्काळजीपणा आहे. म्हणून आधारासाठी लागणारी दुरुस्ती अवश्य करावी. मॉरिस यांचेही म्हणणे याहून वेगळे नव्हते. वाद आहे तो आधाराच्या पलीकडे जाऊन जेव्हा आपण रूप बदलू लागतो तेव्हाचा.

आपल्या हवेत लाकडाचे शत्रू वेगळे आहेत. कोकणपट्टी व गोवा येथे चार महिने ओल आणि नंतर कोरडे ऊन, यांमुळे लाकूड फुगते व आक्रसते. त्यावरील सोनेरी लेप त्याच्याबरोबर हलू शकत नाही म्हणून सुटतो. वाळवी भिंतीतून येते. म्हणून बाक भिंतीपासून हातभर दूर ठेवणे आणि गळके कौल बदलणे, हे कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते. लाकडातून बारीक भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे असे समजावे. वरून रंग दिल्याने ती मरत नाही, फक्त दिसेनाशी होते. सागवानी व शिसवी सामानावर लाखेच्या पॉलिशची जुनी झिलई असते. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. पॉलिश पेपरने घासू नये, पाण्याने धुऊ नये, वर तैलरंग देऊ नये. एकदा खरवडलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही. सांधा ढिला झाला असेल तर मोठा खिळा ठोकण्याऐवजी जुन्या पद्धतीने सरस लावून सांधा बसविणारा सुतार शोधावा. तो खर्चाने फार महाग पडत नाही. सोनेरी वेदी किंवा रंगविलेली मूर्ती असेल, तर मात्र स्थानिक कारागिराच्या भरवशावर न राहता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गोव्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ मध्ये राशोल येथे उघडले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. तेथे ठेवलेल्या लाकडी मूर्ती व सामान एकदा जाऊन पाहिले, तरी आपल्या गावच्या सामानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आणि आपल्या मंडळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वेस्टमिन्स्टरच्या आसनाचा इतिहास राजांच्या दप्तरात लिहिलेला होता. कारागिराला किती शिलिंग दिले हेही त्यात आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास कोणत्या दप्तरात आहे? बाप्तिस्म्याच्या वहीत थोडा, कबरीच्या दगडांवर थोडा, आणि थोडा या लाकडावर. एखाद्या बाकाच्या पाठीमागे देणगीदाराचे नाव व साल कोरलेले असते. उपदेशपीठाच्या खालच्या फळीवर सुताराने आपली खूण केलेली असते. बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या लाकडी झाकणावर मराठी अक्षरे असतात, आणि आज त्या गावात मराठी वाचणारी मंडळी थोडीच उरलेली असतात. तैलरंगाचे दोन हात बसले, की ही साक्ष संपली. राजाचे आसन बिघडले तरी राजाची नोंद राहते. गरिबाचे नाव मात्र एकाच बाकावर असते.

म्हणून पाळकांना व धर्मशिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एक दुपार मंदिरात एकट्याने घालवावी. हाती बॅटरी व वही घ्यावी. प्रत्येक जुनी वस्तू खालून, मागून, आतून पाहावी. जी अक्षरे, जी खूण, जो जुना रंग दिसेल तो लिहून घ्यावा व त्याचे छायाचित्र काढावे. गावातील वृद्धांना विचारून ती वस्तू कोठून आली ते त्याच वहीत टिपावे. दुरुस्तीत जो तुकडा काढावा लागेल तो फेकून न देता कपड्यात गुंडाळून, त्यावर चिठ्ठी बांधून, वहीजवळ ठेवावा. मग कमिटीपुढे बसावे आणि रंगाचा विषय निघाला म्हणजे ती वही उघडून ठेवावी. पुष्कळदा असे होईल, की ती वही पाहिल्यावर रंगाचा ठराव आपोआप मागे पडेल, आणि त्या महोत्सवात मंडळी आपल्या आजोबा-पणजोबांची नावे प्रथमच मोठ्याने वाचील.